चिकू कोण दाबून बघणार

मी, श्रीमती चंद्रिका हरेश्वर चुरी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बागायत व चिकू प्रक्रिया, राहणार नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणवत नाही. ओटीवरून अंगणात उतरले तरी दम लागतो. मी समजून-उमजून लिहीत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी मंडळी आज वलसाडला लग्नाला गेली आहेत.

वकीलसाहेबांनी मला एक छापील नमुना दिला होता. म्हणाले, "बाई, यात काय द्यायचं आणि कोणाला, एवढंच लिहायचं. का, ते लिहायचं नसतं."

मी म्हटलं, "साहेब, का ते लिहिलं नाही तर माझी पोरं तेराव्यालाच एकमेकांच्या उरावर बसतील."

ते हसले. मला हसण्याचासुद्धा कंटाळा आला होता. तर मी का ते लिहिणार आहे. कोर्टाला नको असेल तर त्याने तेवढे गाळून वाचावे.

माझी मुले दोन. थोरला देवेश, डिप्लोमा इंजिनिअर. तो, त्याची बायको मयूरी आणि मी एकत्र राहतो, आणि गंजाडचे आमचे चिकूचे युनिट तो माझ्याबरोबर बघतो. धाकटी दिशा नाशिकला दिलेली. आमच्या पावडरचे डबे मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत तीच विकते. ही दोन भावंडे गेली तीन वर्षे एकमेकांशी धड बोलत नाहीत. लोकांची मुले बांधावरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. माझी दोघे काम यंत्राने करावे की हाताने, यावरून भांडली. सांगायचं तरी कोणाला! व्याहीबुवा विचारतात, "मुलांचं काय बिनसलंय?" मी म्हणते, "काही नाही हो, सासरची धावपळ."

तर आता कलमे.

कलम पहिले, घर. नरपडचे राहते घर देवेश व दिशा यांचे समान. राहील देवेशच, पण दिशा आली की समुद्राकडची खोली तिची, आणि त्या खोलीत रिकामी खोकी रचून ठेवायची नाहीत. मयूरीने माझ्या मागे स्वयंपाकघरात वाटेल ते बदल करावेत. तिने आजवर एकदाही तोंड वर करून मागितले नाही, पण ओट्याची उंची तिला पुरत नाही हे मला दिसते.

कलम दुसरे, बाग. घरामागची चिकूची बाग, जी माझ्या पतीच्या मृत्युपत्राने मला मिळाली, ती दिशाला. देवेशला राग येईल. येऊ दे. युनिट एकाकडे आणि चिकू दुसरीकडे असले म्हणजे निदान भाव ठरवायला तरी एकमेकांना फोन करतील, असा माझा हिशेब आहे.

कलम तिसरे, सोने. पाटल्या दिशाला, तोडे मयूरीला. बाकी किरकोळ दोघींनी वाटून घ्यावे आणि मला त्यात ओढू नये.

कलम चौथे. माझे धाकटे दीर वामनराव यांना दरवर्षी हंगामातल्या पहिल्या घाण्याच्या पावडरची एक पिशवी घरपोच द्यावी. ज्या वर्षी आपला ठाणे जिल्हा तुटून पालघर झाला, त्याच वर्षी मी युनिट काढले, आणि वामनरावांनी एका लग्नाच्या भर मांडवात विचारले होते, "वहिनी, चिकूचा भुगा करून विकणार? खाणार कोण?" आता त्यांच्या घरी नातवंडांच्या दुधात तोच भुगा जातो. पिशवी देताना काही बोलू नये. जरा वेळ नुसते दारात उभे राहावे.

कलम पाचवे, बँकेतील ठेव. हिचे व्याज युनिटमध्ये कामाला असलेल्या बायकांना आवणीच्या दिवसांत द्यावे. कोर्टाला माहीत नसेल म्हणून लिहिते: पाऊस लागला की आमच्या गंजाड-कासाकडच्या बायका स्वतःच्या शेतात भाताची रोपे लावायला जातात, तिला इकडे आवणी म्हणतात. त्या दिवसांत युनिटमध्ये शुकशुकाट असतो. देवेश पहिल्या वर्षी म्हणाला, "आई, असं कसं चालेल? ऑर्डर आहे." मी म्हटलं, "त्यांच्या घरात वर्षभराचा भात आहे, तो कोण लावणार, तुझी ऑर्डर?" तेव्हापासून मी कुठलेही यंत्र घेताना विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारते, की आवणीच्या दिवसांत हे दोन माणसांवर चालेल का. त्यांना आवणी म्हणजे काय तेच ठाऊक नसते. मग समजावून सांगण्यात अर्धा दिवस जातो.

कलम सहावे, यंत्रे. हे कलम मोठे आहे. दमले की थांबत थांबत लिहीन.

अगदी सुरुवातीचे प्लायवूडचे कपाट, ज्यात बल्ब लावून मी पहिल्या चकत्या वाळवल्या, ते कोणाला देण्यासारखे राहिलेले नाही. त्यात कोंबड्या ठेवाव्यात.

चिकू धुण्याचे यंत्र युनिटबरोबर राहील. ते आणायचे ठरले तेव्हा दिशा माझ्यावर रुसली होती. ती म्हणाली, "आई, आपल्या डब्यावर लिहिलंय 'हाताने केलेलं'. लोक त्यासाठी घेतात." मी तिला सरळ गंजाडला घेऊन गेले. तिथे कमळी होती. कमळी वरठा, आमच्या निवडणीच्या टेबलावरची मुख्य बाई, तोंडाने फटकळ. तिने दिशासमोर हात धरले. चिकूचा चीक खरवडून काढायचा म्हणजे दिवसभर थंड पाण्यात घासायचे. बोटांची सालपटे निघाली होती.

"ताई, तुमच्या डब्यावर हे पण छापा," कमळी म्हणाली.

यंत्र आले. धुण्यात डोक्याचे काम नाही, कष्टाचे आहे. असले काम माणसाच्या अंगावरून जितक्या लवकर उतरेल तितके बरे. डब्यावरचा मजकूरही मी बदलून घेतला. आता तिथे 'हाताने निवडलेलं' असे आहे आणि ते खरे आहे.

वाळवणीचा मोठा ड्रायरही युनिटबरोबर. त्याची आच आता आपोआप राखली जाते. आधी सुदाम राखत असे. सुदाम माणूस गुणी, पण आच राखणे हे माणसाचे कामच नाही. माणसाला झोप येते, बिडीची तल्लफ येते, मेहुण्याचा फोन येतो. एकदा आख्खा घाणा कोळसा झाला आणि सुदाम मला म्हणतो, "बाय, मी इथंच होतो!" मी म्हटलं, "तू होतास रे, पण तुझं लक्ष अच्छाडच्या ढाब्यावर होतं." आता काटा पुढे गेला की यंत्र आपले आपण थांबते आणि सुदामचा स्वभावही सुधारला आहे.

मग निवडणीचे टेबल. ते यंत्र नाही, नुसते लाकडी टेबल आहे. पण आमच्या घरातली सगळी भांडणे त्याच्यावरूनच, म्हणून त्याच्याबद्दल लिहिणे भाग आहे.

चिकूचे असे आहे की तो रंगावरून काही सांगत नाही. आंबा पिवळा होतो, टोमॅटो लाल होतो. चिकू कच्चा असताना मातकट आणि पिकल्यावरही मातकटच. एकाच झाडावरचे, एकाच दिवशी उतरवलेले, एकाच आकाराचे चिकू एकत्र पिकायला घातले तरी एकत्र पिकत नाहीत. तो देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून बघावा लागतो. आमच्याकडे टेबलाच्या कडेला तीन टोपल्या असतात: आजचे, उद्याचे, परवाचे. बायका दाबतात आणि टाकतात. आजचे तेवढे कापायला जातात. उद्याचा चिकू आज कापला तर त्यातला चीक पात्याला धरतो आणि पावडर तुरट होते. तुरट पावडर कितीही साखर घातली तरी घशाला लागतेच.

हे काम बायकांना चुकत नाही असे मी म्हणणार नाही. दुपार कलली की अंगठे बधिर होतात आणि सगळेच चिकू मऊ लागायला लागतात. सणाच्या तोंडावर घरी जायची घाई असली की उद्याचे आजमध्ये जातात. कमळीलाही चुकताना मी पाहिले आहे, आणि ती कबूल करत नाही हेही पाहिले आहे.

२०१६ साली देवेशने फुल ऑटोमॅटिक लाइन ठरावीक मुदतीसाठी भाड्याने आणली. ती देणारा ऋषभभाई वापीकडचा. माणूस गोड. मला म्हणाला, "चंद्रिकाबेन, बटन दबावो ने बेसी जाव!" मी म्हटलं, "भाई, बसायला मला सवड कुठे?" त्याने कागद अर्धवट दिले होते म्हणून ट्रक गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या नाक्याला अडकून पडला, तिथेच मला शंका यायला हवी होती. पुढे लाइन आली, लागली, आणि दिसायला फार सुंदर होती हो. पट्ट्यावर चिकू चालायचे, वर कॅमेरा, तो फोटो काढून प्रत चांगली की वाईट ते ठरवायचा. टेबल भिंतीला लावून ठेवले. बायकांना देवेशने भरणीच्या कामावर टाकले.

आता कॅमेरा बघणार रंग. आणि चिकू तर रंगाचे काही सांगतच नाही. आजचे, उद्याचे, परवाचे सगळे एका रांगेत पात्याखाली गेले. पाती चिकट झाली, पट्टा चिकट झाला, आणि जी पावडर निघाली ती सुरतच्या आइस्क्रीमवाल्याने चव घेऊन तशीच परत पाठवली. मी टेबलाकडे बघत होते आणि देवेश लाइनकडे. मी बोलले ते बोलले. त्याने दिशाला फोन केला, तर तिने "मी सांगितलंच होतं" असे म्हटले. तिथून दोघांचे बोलणे तुटले. मुदत संपली, लाइन वापीला परत गेली आणि टेबल पुन्हा जागेवर आले. दिशा म्हणते सगळे हाताने करा. देवेश म्हणतो यंत्र चुकीचे निवडले होते, यंत्र घेणे चुकीचे नव्हते. मला विचाराल तर दोघांचेही अर्धे बरोबर आहे. पण अर्धे बरोबर म्हणणाऱ्या माणसाला घरात कोणी विचारत नाही, दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. मी ती तीन वर्षे खाल्ली.

सोलायच्या सुऱ्या, ज्या मी कासाच्या बाजारातून एकेक पारखून आणल्या, त्या ज्या बाईच्या हाताला जी बसली आहे ती तिची.

कलम सातवे, युनिट. गंजाड येथील शेड, त्यातील यंत्रे, परवाने, नाव व गिऱ्हाईक यांसह.

या कलमासाठी मी मुळात मृत्युपत्र लिहायला बसले. गेल्या महिन्यात देवेश मला पुन्हा वापीला घेऊन गेला. ऋषभभाईकडे नवीन यंत्र आले आहे. त्याला रबराचे बोट आहे. ते बोट चिकू दाबते, किती दबला ते मोजते आणि तीन वाटांपैकी एका वाटेवर ढकलते. मी पिशवीतून आमचे चिकू नेले होते, मुद्दाम फसवे, वरून मऊ आणि आत दगड. खुर्चीवर बसून मी एकेक पुढे केला. ते बोट चुकत नव्हते. मला ते आवडले नाही, पण ते चुकत नव्हते. पावसाळ्यात ओल्या फळाला काय करेल, लाइटची ये-जा झाली की काय करेल, वापीचा मिस्त्री बोलावला तर किती दिवसांनी येईल, हे ऋषभभाईला विचारले तर तो म्हणाला, "बेन, ए तो चलावीने खबर पडे." चालवून बघितल्यावरच कळेल. निदान खोटे तरी बोलला नाही.

परतताना गाडीत मी देवेशला विचारले, "घेणार?"

तो म्हणाला, "आई, तू आहेस तोवर मी टेबलाला हात लावत नाही."

मूल असे म्हणते तेव्हा आईने काय समजायचे? मी आहे तोवर नाही, म्हणजे मी गेले की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. कमळी, अंबूबाई, त्या टेबलावरच्या साऱ्या बायकांना काय सांगणार, भिंतीला लागा? कमळीला मी विचारून पाहिले. ती म्हणाली, "बाय, मशीन दाबील तर दाबू दे, माझा अंगठा दुखतोय. पण मना घरी नको बसवू." तेवढेच तिचे मागणे आहे, आणि माझ्या जिवाला लागलेला घोरही तोच आहे. युनिट टिकावे, चव टिकावी, आणि त्या बायका घरी बसू नयेत.

म्हणून मी सातव्या कलमाचा मसुदा असा केला होता: 'युनिट देवेशला. मात्र पुढील दहा वर्षे निवडणीच्या टेबलाच्या जागी कोणतेही यंत्र बसवू नये. बसविल्यास युनिटचा हक्क दिशाकडे जाईल.' लिहून झाल्यावर मला बरे वाटले. आता बघू कसा हात लावतोस, असे मनात म्हणाले. म्हातारपणी माणसाला एवढी तरी मजा हवी.

वरील मजकूर लिहून होतो तोच मंडळी लग्नाहून परतली. यापुढचे त्यानंतर लिहिलेले आहे.

देवेश मिठाईचा पुडा घेऊन खोलीत आला. "आई, काय लिहितेस?"

"तुझं युनिट."

त्याने कागद मागितला. मी दिला. लपवण्यात अर्थ नव्हता आणि खरे सांगायचे तर त्याचे तोंड कसे होते ते मला बघायचे होते. त्याने सातवे कलम वाचले, पुन्हा वाचले, आणि पुडा टेबलावर ठेवून माझ्या पलंगावर बसला. मला वाटले आता आवाज चढवेल. तो हळूच म्हणाला, "दहा वर्षं? आई, दहा वर्षांनी काय असेल ते तुला माहीत आहे? मला तरी आहे का?"

"टेबल असेल."

"टेबल असेल गं. बसायला कोण असेल? कमळीची मुलगी बोईसरला नर्सिंग शिकतेय. अंबूबाईची सून मॉलमध्ये लागली. उद्या टेबलावर कोणी आलंच नाही, तर मी काय करू? चिकूला तुझा कागद दाखवू?"

मी म्हटलं, "मग तू काय म्हणतोस, मी काही लिहूच नको?"

"मी म्हणतो, तूच आम्हाला शिकवलंस. फुल ऑटोमॅटिकवर आंधळा भरवसा नको, बघायला माणूस पाहिजे, मध्येच थांबवता आलं पाहिजे. मग हा कागद काय आहे? तू एकदा सही केलीस की चालू. तू तर नसशील. चुकीचं कापायला लागला तर थांबवणार कोण?"

अरे देवा! पोटचा गोळा, पण बोलला ते खरे. मी इतकी वर्षे प्रत्येक यंत्र विकणाऱ्याला जे विचारत आले, तेच मला माझ्या मुलाने विचारले, आणि माझ्याजवळ ऋषभभाईइतकेही उत्तर नव्हते.

पण माझा राग अजून शिल्लक होता. मी म्हटलं, "तू माझ्या मरणाची वाट बघतोस. गाडीत म्हणालास की नाही, तू आहेस तोवर हात लावत नाही?"

त्याचे डोळे भरले. एवढा मोठा मुलगा, डोक्यावरचे केस विरळ झालेले. म्हणाला, "मग काय करू गं? मागच्या वेळेला लाइन आणली तर तू महिनाभर माझ्या पंगतीला बसली नाहीस. ताटं मयूरी वेगळी वाढायची. मला पुन्हा ते नको होतं. आणि तू गेल्यावर एकट्याने ठरवायचं म्हटलं की मला भीती वाटते. मी एकदा चुकलोय, आई. या वेळेला चुकलो तर बोलायलासुद्धा कोणी नसेल."

मला इतकी वर्षे वाटत होते की याला घाई आहे. त्याला भीती होती, आणि ती मीच घातली होती. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बऱ्याच वर्षांनी फिरवला, हाताला सवय राहिली नव्हती.

मग मी म्हटलं, "दिशाला फोन लाव."

"मी?"

"मग काय वामनरावांनी लावायचा?"

लावला. दोघे आधी "कशी आहेस", "बरी आहे" असे परक्यासारखे बोलले. मग त्याने रबरी बोटाची गोष्ट काढली आणि दिशा उसळली. म्हणाली, आधी बोट, मग साल, मग बी, शेवटी तुम्ही चिकूसुद्धा कारखान्यात लावाल. तो म्हणाला, चिकूच्या बिया कधी दोन, कधी चार, कधी एकही नाही. ते काम कुठल्याच यंत्राला जमत नाही, तिथे हातच लागणार, टेबलावरच्या बायका तिकडे लागतील. ती म्हणाली, लागतील म्हणजे? लिहून देतोस? तो म्हणाला, देतो. ती म्हणाली, आणि बोट चुकलं तर? तो म्हणाला, म्हणून तर टेबल काढणारच नाही, बोट शेजारी ठेवू, एक हंगाम दोन्ही चालवू, त्याच्या टोपल्या आणि कमळीच्या टोपल्या शेजारी शेजारी ठेवून रोज कापून बघू. ती म्हणाली, बघणार कोण? तुला तर आजचा आणि उद्याचा चिकू कळत नाही! तो म्हणाला, शिकेन. ती म्हणाली, तू? चीक लागला की अंगावर पित्त उठतं तुझ्या! तो म्हणाला, हातमोजे घालीन, तुला काय करायचंय?

मी डोळे मिटून पडून होते. दोघांना वाटले मला झोप लागली. मयूरी दारात उभी राहून ऐकत होती, ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, भांडतायत." मी म्हटलं, "भांडू दे गं. तीन वर्षांनी भांडतायत."

सबब, सातवे कलम मी या मृत्युपत्रातून काढून टाकत आहे. युनिट मी मेल्यानंतर कोणाला मिळणार नाही, ते जिवंतपणीच देवेशला देत आहे. त्याचे बक्षीसपत्र डहाणूच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचे आहे. वकीलसाहेबांना फोन केला, ते म्हणाले, "बाई, नोंदणीआधी काही झालं तर?" तर तेही लिहिते: काही झालेच तर युनिट देवेशचे, कोणतीही अट न घालता. कुठल्या कामाला यंत्र आणि कुठल्या कामाला हात, हे त्याने दरवर्षी बहिणीशी भांडून आणि बायकांना विचारून ठरवावे. ही अट नाही, आईची इच्छा आहे. कोर्टाने हिच्या वाटेला जाऊ नये.

बायकांना घरी बसवणार नाही असे देवेशने दिशाला फोनवर सांगितले आहे. ते त्याने त्याच्या हाताने वेगळ्या कागदावर लिहून सही करून कमळीला नेऊन दिले, मला दाखवले नाही. मला ते अधिक आवडले.

अंत्यविधी साधा करावा, समुद्राकडच्या बाजूला. दवाखान्यात मला कुठल्या यंत्राला किती दिवस जोडून ठेवायचे हेही दोघांनी बसून ठरवावे आणि डॉक्टरीणबाईंचे ऐकावे. बरे होण्याची आशा असेल तर जोडा. नसेल तर माझा हात धरून बसा, तेवढे पुरे.

व्यवस्थापक म्हणून मी दिशा व देवेश दोघांनाही एकत्र नेमते. एकाच्या सहीने काहीही होणार नाही.

हे लिहिता लिहिता दोन दिवस गेले. शेवटचे अक्षर वाकडे आले आहे, पण ते माझेच आहे. उद्या सकाळी देवेश टेबलावर बसणार आहे, हातमोजे घालून, कमळीच्या शेजारी. मला गाडीतून न्यायचे कबूल केले आहे, खुर्चीही तिथे ठेवली आहे. तो पहिला चिकू कुठल्या टोपलीत टाकतो ते मला बघायचे आहे. तेव्हा हे मृत्युपत्र लिहून झाले असले तरी माझ्याकडून सध्या घाई नाही.

मजकूर मी पुन्हा वाचला, मला मान्य आहे, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. त्यांनीही माझ्या देखत केली. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, चहा सोडून.

सही: चंद्रिका हरेश्वर चुरी

साक्षीदार
१. लाहू बाळ्या दुमाडा, निवृत्त शिक्षक, राहणार गंजाड
२. डॉ. सुहासिनी राऊत, राहणार डहाणू

स्थळ: नरपड, तालुका डहाणू
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९